हरभऱ्याच्या गाठी

माझे सासरे माझ्याशी वीसेक वर्षं बोलले नाहीत. भांडण अजिबात नव्हतं. आमच्याकडची रीतच तशी होती. सुनेनं सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर सावरायचा, नजर खाली ठेवायची आणि बोलायचं ते तिसऱ्या माणसामार्फत. हा तिसरा माणूस म्हणजे आमचे हे. आबा पडवीत बसून म्हणायचे, "चहा ठेवा म्हना." मी चार हातांवर ओट्यापाशी उभी असायचे, मला शब्दन् शब्द ऐकू यायचा. तरी ह्यांनी आत येऊन "आबा चहा मागतायत" म्हटल्याशिवाय मी पातेल्याला हात लावत नसे. मी बी.एस्सी. झालेली, बुऱ्हाणपूरच्या हिंदी शाळेत विज्ञान शिकवणारी बाई. नवी नवरी असताना या प्रकाराचं हसू यायचं, मग राग यायला लागला, आणि मग सवय झाली.

'म्हना' म्हणजे 'तिला सांग'. आबांचं माझ्यासाठीचं प्रत्येक वाक्य या शब्दावर संपायचं. आज येताना वांगी आना म्हना. पाहुने येनार हायेत म्हना. माझंही तसंच. मी आतून म्हणायचे, "आबांना म्हणावं, पाणी तापलंय." मध्ये हे बिचारे टपाल वाहत असायचे, कधी जेवणावरून उठून, कधी अंघोळीच्या टॉवेलवर.

तीन वर्षांपूर्वी हे गेले. सकाळी केळीच्या बागेत ठिबकची नळी बघायला गेले, छातीत दुखतंय म्हणून बांधावर बसले, आणि उठलेच नाहीत. तेरावं झालं, पाहुणे पांगले, शाहपुरला दिलेली माझी नणंदही डोळे पुसत आपल्या घरी गेली. आम्हाला मूलबाळ नाही. घरात उरलो आबा आणि मी. दुपारी आबा पडवीत येऊन बसले आणि सवयीनं म्हणाले, "चहा ठेवा म्हना."

पडवीत दुसरं कुणीच नव्हतं. मी चहा केला, त्यांच्यापुढे नेऊन ठेवला आणि आत येऊन पदर तोंडात कोंबून रडले.

बोलायची सोय नसलेली दोन माणसं एका घरात कशी राहतात, हे मी काही महिने करून पाहिलं. भांड्यांचा आवाज तेवढा व्हायचा. शेवटी मी बुऱ्हाणपुरात, बुधवारा पेठेत माडीवरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. शाळा जवळ पडते, असं सगळ्यांना सांगितलं. आबांना नणंदेकरवी कळवलं. त्यांचं उत्तर तिच्याकरवीच आलं, "ठीक हाये म्हना." शेजारच्या काकू त्यांना भाकरी करून घालायला लागल्या, आणि मी दर रविवारी आमच्या गावी, बहादरपूरला जायला लागले. जाऊन स्वयंपाक करायचा, त्यांचे कपडे धुवायचे, घर झाडायचं आणि एक शब्द न बोलता संध्याकाळी परत यायचं. एखाद्या मोलकरणीशी सुद्धा माणूस यापेक्षा जास्त बोलतं.

बुधवाऱ्यात माणसांची काय कमी! खाली कापडाचं दुकान, समोर मिठाईवाला, सकाळपासून हॉर्न आणि हाळ्या. जिन्यावरून उतरले की दहा जण "मैडम नमस्ते" करतात. माझे जुने विद्यार्थी आता स्वतःच बाप झालेत, तेही वाकून पाया पडतात. पण त्या नमस्तेचं मी काय करू? घरात येऊन दार लावलं की मला फार एकटं वाटायचं. टीव्ही लावून ठेवायचे, आवाजासाठी. काय चाललंय ते बघतही नसे.

माझा भाऊ जळगावला असतो. दिवाळीच्या आधी त्याचा फोन आला. "ताई, बस झालं आता. स्वेच्छानिवृत्ती घे आणि इकडे ये. वरची खोली तुझ्यासाठीच रंगवून ठेवली आहे. तिथं आता तुझं रक्ताचं कोण आहे?"

रक्ताचं खरंच कुणी नव्हतं. होते ते आबा, आणि आबांना मी तिथं हवी आहे की नको, हे मला ठाऊक नव्हतं. हे असते तर संध्याकाळपर्यंत कळलं असतं. त्यांनी आबांना गाठलं असतं, आत येऊन "आबा म्हणतात" असं सुरू केलं असतं आणि माझा निर्णय झाला असता. आता विचारायचं कुणामार्फत? नणंदेला मध्ये घातलं तर ती आपल्या मनाचं घालून सांगणार. मी भावाला म्हटलं, "शेतातला हरभरा निघू दे, मग सांगते."

हरभरा अजून पेरलाही नव्हता. पण तेवढाच वेळ मिळाला.

आमच्या त्या शेतात मी लग्न होऊन आल्यापासून केळीच होती. एक बाग संपली की दुसरी. हे गेल्यावर बाग बसत गेली. आबांना ठिबकचं गणित जमेना, घड बारके यायला लागले, शेवटी त्यांनी खोडं काढून टाकली. नवरात्रात एका रविवारी मी भांडी घासत असताना ते पडवीत कुणालाही उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाले, "यंदा हरभरा टाकू म्हनतो. जमीन थकली."

थकली हा शब्द मला आवडला. केळीला नत्र फार लागतं, आणि वर्षानुवर्षं आम्ही ते युरियाच्या गोणीतून घालत आलो होतो. हरभऱ्याचं तसं नाही. तो आपलं नत्र हवेतून घेतो. खरं तर तो घेत नाही, त्याच्या मुळांत राहायला आलेले जिवाणू ते करून देतात. पण हरभऱ्याला त्याचेच जिवाणू लागतात, दुसऱ्याचे चालत नाहीत, आणि ज्या जमिनीनं इतकी वर्षं हरभरा पाहिलाच नाही तिच्यात ते कुठून असणार? ते बियाण्याला चोळून द्यावे लागतात. शहरातल्या दुकानातून मी त्याचं पाकीट आणलं. दुकानदार म्हणाला, "अब कौन लेता है ये मैडम, सब यूरिया माँगते हैं." काळी बारीक भुकटी असते, चहाच्या पावडरीपेक्षाही बारीक. त्या भुकटीत ते जिवंत असतात.

आता हे आबांना सांगायचं कसं? ते गोठ्याच्या दाराशी दोर वळत बसले होते. मी पाकीट त्यांच्याजवळच्या खाटेवर ठेवलं आणि म्हशीकडे तोंड करून उभी राहिले. "हे बियाण्याला लावायचं आहे म्हणावं," मी म्हशीला सांगितलं. "गुळाचं पाणी उकळून गार करायचं, त्यात कालवायचं आणि बियाण्याला चोळायचं. सावलीत वाळवायचं. जिवंत असतं ते, जपायला लागतं." म्हैस रवंथ करत राहिली. लेकी बोले सुने लागे असं म्हणतात, आमच्याकडे म्हशी बोले आणि सासऱ्याला लागे. आबांनी दोर वळता वळता मान हलवली. मला वाटलं, झालं काम.

पुढच्या रविवारी गेले तर पाकीट खाटेवर नाही. शोधत शोधत जिना चढून धाब्यावर गेले, तर तिथं कौलाच्या तुकड्याखाली दाबून उन्हात ठेवलेलं. वरून सुईनं भोकं पाडलेली. ओळीनं, छान निगुतीनं. दिवाळीआधीचं ते ऊन आमच्याकडे पापड वाळवण्याइतकं कडक असतं. आठवडाभर ते पाकीट तिथं भाजत होतं. माझ्या सूचना आबांनी अक्षरशः धाब्यावर बसवल्या होत्या.

खाली आले. माझ्या हातातलं पाकीट पाहून आबा तुळशीकडे बघत म्हणाले, "जिवंत हाये म्हने. पुड्यात कोंडून मरून जातीन. हवा लागू द्या म्हना."

मला रागवायचं होतं. शाळेत मी रागावण्यासाठीच प्रसिद्ध आहे. पण या म्हाताऱ्या माणसानं चष्मा लावून, सुई घेऊन, माझ्या शब्दाखातर दिसतही नाहीत अशा जिवांसाठी भोकं पाडली होती. त्या जिवांना ऊन मारतं हे आबांना कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं होतं, पण म्हशीला. त्याच पाकिटातली थोडी भाजलेली भुकटी बियाण्याला चोळून त्यांनी विहिरीजवळचा तुकडा पेरूनही टाकला होता.

शाळेला सुट्टी होती. दुसऱ्या दिवशी नवं पाकीट घेऊन मी पुन्हा गेले आणि या वेळी स्वतःच पडवीत बसले. गुळाचं पाणी केलं, भुकटी कालवली, ताडपत्रीवर हरभरा पसरला आणि चोळायला घेतला. थोड्या वेळानं आबा येऊन ताडपत्रीच्या पलीकडच्या टोकाला बसले आणि तेही चोळायला लागले. दोघांचे हात कोपरापर्यंत काळे. ताडपत्री एकच असल्यामुळे आम्ही कधी नव्हे इतके जवळ बसलो होतो. एक दाणा डोळ्याजवळ धरून आबा म्हणाले, "यात जीव कुठी हायेत? दिसत नहीत."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही दिसत आबा. फार लहान असतात."

मी थेट बोलले होते. पदरही खांद्यावर घसरलेला होता आणि काळ्या हातांनी तो सावरता येत नव्हता. आबांनी मान खाली घातली. आभाळ काही कोसळलं नाही. शेजारच्या काकूंची शेळी ओरडत होती, ती ओरडतच राहिली. "अच्छा," आबा म्हणाले. पुढे काहीच झालं नाही. बियाणं सावलीत पसरलं, संध्याकाळी पेरलं आणि मी परत बुधवाऱ्यात आले. पण त्या 'अच्छा'ला 'म्हना' जोडलेलं नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं होतं.

हिवाळ्यात नववीला याच जिवाणूंचा धडा आला. हिंदी पुस्तकात नत्राला नाइट्रोजन म्हणतात आणि हे जिवाणू मुळांवरच्या ज्या गाठींत राहतात त्यांना मूल ग्रंथिका. शब्द जड, पण गोष्ट साधी आहे. आपल्या भोवतीच्या हवेत पाचातले जवळजवळ चार भाग नत्र असतं. झाड त्यात आकंठ बुडालेलं असतं. आणि तरीही नत्रावाचून पिवळं पडून मरू शकतं. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "मैडम, चारों तरफ़ है, तो पौधा ले क्यों नहीं लेता?" चांगला प्रश्न होता. कारण नत्राचे दोन अणू एकमेकांना असे घट्ट धरून असतात की झाडाच्यानं ते सुटत नाहीत. ते सोडवायची करामत काही जिवाणूंनाच जमते. हरभऱ्याचं मूळ मातीत एक रस सोडून त्यांना बोलावतं. ते आले की मुळावरचा केस वाकून त्यांना आत घेतो, आणि तिथं गाठ धरते. झाड त्यांना साखर पुरवतं. ते हवेतलं नत्र मोडून, त्याचं रूप बदलून झाडाला देतात. जसंच्या तसं दिलं असतं तर त्याचा झाडाला काहीच उपयोग नव्हता.

मी हे फळ्यावर लिहीत होते. माझ्या डोळ्यांपुढे मात्र टॉवेल गुंडाळून पडवीतून आत येणारे हे उभे राहिले. खडू खाली ठेवून मी खिडकीशी गेले. मुलांना वाटलं, मैडमला खोकला आलाय.

जानेवारीत हरभरा फुलावर आला. त्या रविवारी मी शेतात गेले. लांबूनच फरक दिसत होता. विहिरीजवळचा तुकडा पिवळट, बुटका. बाकीचं शेत हिरवंगार. आबा बांधावर उभे राहून तेच बघत होते. मी विहिरीजवळचं एक झाड उपटलं. मुळं नुसती दोऱ्यासारखी, साफ. मग इकडचं एक उपटलं, माती झटकली. मुळांवर गाठी होत्या. काही मोहरीएवढ्या, काहींना लहान बोटं फुटल्यासारखी. मी ते झाड आबांच्या हातात दिलं. हातातून हातात, हेही पहिल्यांदाच.

आबांनी एक गाठ नखानं फोडली आणि दचकले. "रगत हाये यात!"

खरंच आत तांबडं होतं. ताज्या जखमेसारखं. मी सांगायला लागले आणि सांगतच गेले, मध्ये म्हैस नव्हती, तुळस नव्हती. "आबा, जे जिवाणू नत्र सोडवतात ना, त्यांचं काम प्राणवायू लागला की बंद पडतं. पण जगायला तर त्यांनाही तो लागतोच. मग गाठीत हे तांबडं तयार होतं. ते प्राणवायू धरून ठेवतं आणि लागेल तेवढाच देतं. आपल्या रक्तातही असंच असतं. आणि गंमत म्हणजे हा रंग एकट्या मुळात नसतो, एकट्या जिवाणूंत पण नसतो. दोघं एकत्र राहिले तरच येतो."

"म्हंजे मी भोकं पाडली ते उलटंच झालं," आबा म्हणाले.

"पुड्याला हवेनं काही झालं नाही. ऊन लागलं, त्यानं मेले."

"बोलायचं ना मंग तसं."

"बोलले होते. म्हशीला."

आबा हसले. दात नसलेल्या तोंडानं, खांदे हलवत. इतक्या वर्षांत मी त्यांना हसताना समोरून पाहिलं नव्हतं, दाराआडून आवाज ऐकला होता फक्त. मग आम्ही बांधावर बसलो, दोघांमध्ये माणूसभर अंतर सोडून. मला इतकं बरं वाटत होतं की मनात वर्षानुवर्षं ठेवलेलं एक वाक्य मी बोलून टाकलं. "आबा, तुमचे फार उपकार आहेत. तुमच्यामुळं माझी नोकरी राहिली."

"माझ्यामुळं? मी काय केलं?"

"लग्न झाल्यावर तुम्हीच तर निरोप दिला होता. एवढी शिकलेली पोरगी आहे, तिला शाळा सोडू देऊ नको म्हणून. ह्यांनी सांगितलं होतं मला."

आबा माझ्याकडे बघतच राहिले. "मी? मी तं म्हनलो होतो, घरचं कोन करीन, सोडून द्या म्हना नोकरी." मग जरा थांबून म्हणाले, "आन् मंग त्यो आला न् म्हने, आबा, ती म्हनते तुमी म्हनत असान तं आजच सोडते, तुमच्या शब्दाबाहेर नही. मले वाटलं, एवढी गुनी पोरगी. तिचं मन काहून मोडायचं? म्हनून मी म्हनलो, राहू द्या मंग."

मी असं काही म्हणाले नव्हते. मी म्हणाले होते की नोकरी सोडायला लावली तर पहिल्या गाडीनं माहेरी निघून जाईन, आणि तुमच्या आबांना काय ते कळू दे.

मी ते आबांना सांगितलं. ते पुन्हा हसले, मीही हसले. मग आम्हाला थांबता येईना. तुम्ही माझ्या कढीचं कौतुक केलं होतं ते? नही वं, मले कढी आवडतच नही. मोतीबिंदूच्या वेळी सून नसती तर मी आंधळाच राहिलो असतो, असं म्हणाला होतात ते? मी तं म्हनलो होतो, दवाखान्यात बायामानसाचं काय काम. आन् तू म्हने माझ्या नावानं सोमवार धरला होता? मी? मला उपास झेपत नाही आबा, पित्त होतं. एकेक गोष्ट काढत गेलो आणि एकेक खोटी निघत गेली. इकडचं तिकडे जाताना ह्यांनी प्रत्येक शब्द बदलला होता. "लबाड होता," आबा म्हणाले आणि उपरण्यानं डोळे पुसायला लागले. "पक्का लबाड."

एक मात्र मी विचारलं नाही. डॉक्टरांनी आम्हाला मूल होणार नाही असं सांगितलं, त्या दिवशी हे पडवीतून आत येऊन म्हणाले होते, "आबा म्हणतात, नाही तर नाही, लेकीसारखी सून आहे, आणखी काय पाहिजे." ते वाक्य मी उशाशी घेऊन झोपत आले होते. तेही खोटं निघालं असतं तर मला बांधावरून उठता आलं नसतं.

त्या संध्याकाळी बुधवाऱ्यातला जिना चढताना हसू कुठल्या कुठे गेलं होतं. मला कळलं की आपण लुटलो गेलोय. तीन वर्षांपूर्वी नवरा गेला. आज सासराही गेला, कारण ज्या सासऱ्यावर मी माया केली तो मुळात नव्हताच. तो ह्यांनी मला रचून दिला होता. बहादरपूरच्या पडवीत बसलेला माणूस परका होता, ज्याला माझी नोकरी नको होती आणि माझी कढी आवडत नव्हती. आणि त्याच्या लेखी मीही तशीच, सोमवार न करणारी कुणी बाई. मग मी कुणासाठी थांबले आहे? इतकं एकटं मला हे गेले तेव्हाही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान आठवणी तरी माझ्या होत्या.

पुढचे काही रविवार मी गेलेच नाही. परीक्षा आहेत, असं काकूंना फोनवर सांगितलं. भावाचा फोन आला तेव्हा म्हटलं, "येते. शाळेचं वर्ष संपलं की येते." तो खूश झाला. वहिनीनं खोलीला पडदे कुठल्या रंगाचे हवेत ते विचारलं. मी म्हटलं, कुठलेही.

वर्गात उजळणी घ्यायची होती. पुन्हा तोच धडा. शेवटच्या परिच्छेदात आहे की घाटे भरायला लागले की गाठींतलं तांबडं हिरवट होतं, गाठी पोकळ होतात आणि गळून मातीत जातात. त्यांचं काम संपतं. पण त्यांनी बांधून ठेवलेलं नत्र मातीत राहतं आणि पुढच्या पिकाला मिळतं. मी ते वाचून दाखवलं आणि पुस्तक मिटलं. माझी मलाच चीड आली. प्रत्येक धड्यात स्वतःचं रडगाणं शोधणारी बाई काय शिकवणार? तरी जिना उतरताना डोक्यात तेच घोळत होतं. आबांनी निरोप दिले नव्हते हे खरं. पण त्या निरोपांच्या जिवावर मी त्यांचे पाय चेपायला तेल गरम करून पाठवलं होतं, त्यांच्या तापात रात्री जागले होते, आणि ते तेल आणि ती जागरणं तर खरी होती.

जायचं हे मात्र ठरलं होतं, आणि ते सांगायला मी बहादरपूरला गेले. उन्हं तापायला लागली होती. आबा पडवीत हरभऱ्याची वाळकी झाडं पुढ्यात घेऊन घाटे सोलत बसले होते. अंगानं वाळले होते. मला बघून त्यांनी घोंगडीवर जरा जागा केली. मी बसले नाही. पदर घेतला आणि उभ्या उभ्याच बोलले.

"आबा, भाऊ जळगावला बोलावतोय. कायमचं. मी हो म्हटलंय."

आबांनी हातातला घाटा सोलला, दाणा सुपात टाकला, दुसरा घाटा घेतला. "कदी जायचं?"

"शाळा संपली की."

"अच्छा."

मला वाटलं, संपलं. मी आत वळले. स्वयंपाक तरी करून जावा. तेवढ्यात मागून आवाज आला, नेहमीपेक्षा मोठा, जरा रागावल्यासारखा. "थांब. ऐक."

मी थांबले. आबा सुपाकडे बघत होते, पण बोलत होते माझ्याशीच.

"माझं बोलनं खरबड हाये. त्यो होता तवर त्यो गोड करून सांगे. मी काय म्हनतो, ते आता तुले कोन बदलून सांगनार? म्हनून जसं हाये तसंच सांगतो. मले तुझी कढी आवडत नही. तू नोकरीले गेली ते बी मले पसंत नव्हतं. पर तू हे रविवार आली नही न्..." त्यांनी घाटा तसाच खाली ठेवला. "मले एकट्याले जेवन जात नही."

मी चौकटीला धरून उभी होते. हे असते तर आत येऊन काय म्हणाले असते, ते मला लगेच ऐकू आलं. आबा म्हणतात, तू राहिलीस तर त्यांना फार आनंद होईल, लेकीसारखी आहेस तू. किती छान सांगितलं असतं. आणि मी ते ऐकून खूश होऊन कामाला लागले असते, आणि या माणसाच्या घशात घास अडकतो हे मला कधीच कळलं नसतं.

मी पडवीत परत गेले. घोंगडीवर जी जागा केली होती तिथं बसले.

"मला पण नाही जात, आबा," मी म्हणाले.